कागदात 'बाजीराव' आहे, पण कुठले? (एक नाव, अनेक माणसं, अनेक गावं)

कागदकिडा
मराठेशाहीचे कागद वाचताना अक्षरापेक्षा नाव जास्त छळतं. अक्षर लागतं, नाव लागतं, आणि तरी माणूस कोण ते कळत नाही. दोन बाजीराव, दोन चिमाजीअप्पा, साताऱ्यालाच दोन शाहू आणि कोल्हापूरचे निराळे. नानासाहेबांचं तर विचारूच नका.

चर्चेला धरून एक कल्पित कागद मांडतो. मुद्दाम वाईट अवस्थेतला घेतलाय:

- शिक्क्यात 'राजा शाहू' आणि 'बाजीराव' वाचता येतं, पुढची अक्षरं पुसलेली
- राज्याभिषेक शक (शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेला): शेवटचा आकडा ४, आधीचं फाटलेलं
- पिंगळनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य अष्टमी
- सुहूर सन (मृगापासून, म्हणजे जूनपासून, सुरू होणारा आणि अरबी शब्दांत लिहिलेला सन): 'समान ... मया व अलफ', मधला शब्द वाळवीच्या पोटात
- शेवटी 'छ २१ साबान' (छ म्हणजे हिजरी महिन्याची तारीख, साबान हा हिजरी महिना)
- गाव: मौजे लोणी, प्रांत पुणे

बाजीराव कुठले? आणि लोणी कुठली?

रानवारा
सोपं आहे की. 'राजा शाहू' आणि 'बाजीराव' एकत्र म्हणजे थोरले बाजीराव. शाहू महाराज १७४९ ला गेले. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

शकुंत
@रानवारा, इथेच तर फसायला होतं. रावबाजी, म्हणजे दुसरे बाजीराव, डिसेंबर १७९६ मध्ये पेशवे झाले तेव्हा साताऱ्याच्या गादीवर धाकटे शाहू होते (१७७७ ते १८०८). म्हणजे १७२० ते १७४० या काळात शाहू आणि बाजीराव, आणि १७९६ ते १८०८ या काळात पुन्हा शाहू आणि बाजीराव. जोडी तीच, माणसं चारही वेगळी.

शिक्क्यातली पुढची अक्षरं असती तर पाच सेकंदांचं काम होतं. पेशव्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं: बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव, बाजीराव रघुनाथ म्हणजे राघोबादादांचे. तसेच माधवराव बल्लाळ थोरले आणि माधवराव नारायण सवाई. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव (नानासाहेब) आणि बाळाजी जनार्दन (नाना फडणीस) हे तिघे बाळाजी याच एका खुणेने वेगळे होतात. म्हणून शिक्का वाचताना आधी शेवटाकडून वाचा. छत्रपतींच्या नावापुढच्या 'हर्षनिधान' या बिरुदापर्यंतचा भाग सुंदर असतो, उपयोगाचा नसतो.

टिकोजी
पण हा एवढा व्याप कशाला? पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक इतिहासकारांनी दिलेले आहेतच. तेच वापरावेत.

चावडीवरचा
क्रमांक कागदात नसतात हो. ते आपण नंतर चिकटवलेत, आणि तेही सगळ्यांनी एकसारखे नाही. ताराबाईंचे सवतीपुत्र, कोल्हापूरचे संभाजी (१७१४ ते १७६०), यांना एका पुस्तकात 'दुसरे संभाजी' म्हणतात कारण भोसले घराण्यात मोजलं. दुसऱ्यात 'पहिले संभाजी' कारण कोल्हापूर गादीपासून मोजलं. दोन्ही बरोबर, वाचणाऱ्याचा मात्र बळी.

त्यात शाहूंचं मूळ नाव शिवाजी. १६८२ साली माणगावजवळ गांगवलीला जन्म, नाव आजोबांचं. मग १७०० ते १७०७ मधल्या कागदात 'शिवाजीराजे' दिसले तर ते कोण? शाहू तेव्हा औरंगजेबाच्या छावणीत होते, गादीवर ताराबाईंचा मुलगा शिवाजी. क्रमांक लावायला बसलात तर इथे दोन 'दुसरे शिवाजी' निघतील.

वरवंटा
+१. आणि 'संभाजी' तर नुसता बाजार आहे. शहाजीराजांचे चुलतभाऊ, म्हणजे विठोजींचे पुत्र संभाजी (खंडागळे हत्ती प्रकरणात मारले गेले). शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी (कनकगिरीला पडले). छत्रपती संभाजी महाराज. कोल्हापूरचे संभाजी. शिवाय संभाजी कावजी आणि संभाजी आंग्रे. '१७३५ च्या सुमारास कोकणात संभाजीने' असं वाक्य दिसलं की ते आंग्रे आहेत, कोल्हापूरकर नव्हेत, हे आधी ताडून बघा.

शकुंत
माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा कोल्हापूरचा. १७६० ला हे संभाजी निपुत्रिक गेले. त्यांच्या पत्नीचं नाव जिजाबाई. त्यांनी १७६२ मध्ये मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव ठेवलं शिवाजी, आणि १७७३ पर्यंत स्वतः कारभार पाहिला. म्हणजे १७६२ ते १७७३ च्या कागदांत कारभार करणाऱ्या जिजाबाई आणि अल्पवयीन शिवाजीराजे! सुटं पान हाती आलं तर कोणालाही १६४० च्या दशकातलं पुणं आठवेल.

पण एका शब्दाने सुटतं. सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर लिहितात. अलफ हजार, मया शंभर, मयातैन दोनशे. सुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन. यावरून ढोबळ चाळणी अशी:

'मया' नाही, नुसतं 'अलफ': जून १६९९ च्या आधीचा कागद.
'मया व अलफ': जून १६९९ ते जून १७९९.
'मयातैन व अलफ': त्यानंतरचा.

शिवाजी महाराजांच्या मातोश्रींच्या कागदात 'मया' येऊच शकत नाही. कोल्हापूरच्या जिजाबाईंच्या कागदात आलीच पाहिजे.

सुपारी
हे वाचून बरं वाटलं, पण मया आणि मयातैन यांच्यात गफलत होत असेल ना?

शकुंत
होते, आणि शंभर वर्षांची होते. पानाची कड फाटून 'तैन' गेलं तर १८०२ चा कागद १७०२ चा होतो. त्याहून बारीक गफलत दशकाची: सबा सात, सबैन सत्तर, सीत सहा, सितैन साठ, तिसा नऊ, तिसैन नव्वद. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल. त्यातलं 'सितैन' घाईत 'सीत' वाचलंत तर एकक दोन होतात आणि दशक राहतच नाही. एका सनात दोन एकक आले की वाचन चुकलंय असं समजा.

गडवाटा
माणसांचं चालू द्या, मी गावांकडे वळतो. लढायांच्या नकाशांत गावाच्या नावामुळे होणारा घोळ भयंकर आहे.

पालखेड. फेब्रुवारी १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडलं ते पालखेड वैजापूर तालुक्यातलं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. पालखेड धरण मात्र नाशिक जिल्ह्यात, कादवा नदीवर. नकाशावर नाव शोधून पहिला निकाल उचलला की निजामाची कोंडी धरणाच्या भिंतीपाशी होते.

पाटण. आपल्याकडे 'पाटणची लढाई' म्हटलं की कोयनेकाठचं पाटण डोळ्यांपुढे येतं. जून १७९० मध्ये महादजींच्या डी बॉयनच्या पलटणींनी जिंकली ती लढाई राजस्थानातल्या तंवरावाटीच्या पाटणची. शिवाय गुजरातेत अणहिलवाड पाटण, सोमनाथाचं प्रभास पाटण आणि चाळीसगावजवळचं पाटण आहेच.

कल्याण. हे तर एकाच वर्षात दोनदा. १६५७ च्या पावसाळ्यात औरंगजेबाने घेतलं ते कल्याणी, बिदरजवळचं, चालुक्यांची जुनी राजधानी, आजचं बसवकल्याण. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी घेतलं ते कल्याण-भिवंडी. आदिलशाहीच्या फारसी कागदात '१६५७, कल्याण हातचं गेलं' असं आलं तर तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फोंडेकर
यात आमचंही घाला. १६७५ मध्ये महाराजांनी घेतला तो फोंड्याचा किल्ला गोव्यातला. कणकवली तालुक्यातलं फोंडाघाट वेगळं. पर्यटनाच्या लेखांमध्ये हे दोन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात.

गडवाटा
@फोंडेकर, बरोबर. त्याच धर्तीवर रायरी. हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला आला त्या १६७४ च्या इंग्रजी पत्रव्यवहारातली 'रायरी' म्हणजे रायगड. पण १७६५ मध्ये इंग्रजांनी सावंतांकडून घेतली ती 'रायरी' म्हणजे वेंगुर्ल्याजवळचं रेडी, यशवंतगड. इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखंच. वर्ष आणि समोरचा शत्रू कोण, या दोनच खुणा.

टिकोजी
सातारा पण दोन आहेत. छत्रपती संभाजीनगरला लागून सातारा गाव आहे, तिथलं खंडोबाचं देऊळ प्रसिद्ध आहे. आणि नांदेड पुण्यातही आहे, सिंहगड रस्त्याला. हल्ली तर नांदेड म्हटलं की लोक फ्लॅटचा भाव विचारतात.

चावडीवरचा
शाहूपुरीही दोन. एक कोल्हापूरला, एक साताऱ्याला. कोल्हापूरची राजर्षींची, साताऱ्याची थोरल्या शाहूंच्या नावाची. 'शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी' हे वाक्य त्यामुळे शहर सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

ज्ञानपिपासू
अवांतर: वर पाटण आलंच आहे तर, चाळीसगावजवळच्या पाटणला (पाटणादेवी) यादव सिंघणाच्या काळातला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा. तर हे चांगदेव ज्योतिषी. ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे योगी चांगदेव वेगळे. ज्ञानेश्वरी १२९० ची. मध्ये ऐंशीहून जास्त वर्षं आहेत. योग्यांचं वय चौदाशे मानणाऱ्यांना अर्थात ही अडचण वाटणार नाही.

आणि भास्कराचार्यही दोन. आर्यभटीयावर भाष्य करणारे सातव्या शतकातले, आणि ११५० मध्ये लीलावती लिहिणारे. पाटणच्या शिलालेखातले दुसरे.

वरवंटा
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे धागा भरकटायच्या आत दोन ओळी: निजामशाही (अहमदनगर, १४९० ते १६३६) आणि निजाम (हैदराबाद, १७२४ ते १९४८) यांचा एकमेकांशी संबंध नाही. मलिक अंबरचा निजाम आणि पालखेडचा निजाम यांत शंभर वर्षांचं अंतर आहे. आणि पेशव्यांच्या पत्रात 'मोगल' आला तर दर वेळी दिल्लीकडे पाहू नका, बहुतेकदा तो हैदराबादचा निजाम असतो.

सुपारी
अहमदशहाचं पण सांगा कोणीतरी. अब्दाली अहमदशहा आणि दिल्लीचा बादशहाही अहमदशहा?

चावडीवरचा
हो. दिल्लीवाला १७४८ ते १७५४ गादीवर. मार्च १७४८ मध्ये मनुपूरला दोघे समोरासमोर होते, दिल्लीवाला तेव्हा शहजादा. आपल्या पत्रांत घोळ कमी होतो, कारण आपली माणसं एकाला 'अब्दाली' म्हणतात आणि दुसऱ्याला 'पातशहा'. गुजरातचा आणि बहमनींचा अहमदशहा वेगळेच.

ज्ञानपिपासू
ताम्रपटवाल्यांचे हाल विचारू नका. राष्ट्रकूटांत तीन कृष्ण, चार गोविंद. बिरुदावरून ओळखावं म्हटलं तर कृष्ण नावाच्या तिघांचंही बिरुद अकालवर्ष, आणि गोविंद म्हटला की प्रभूतवर्ष. कैलास लेणं पहिल्या कृष्णाचं, आठव्या शतकातलं. तिसरा कृष्ण दहाव्यातला. तिथे शक आणि वंशावळीची ओळ, दुसरा उपाय नाही.

रानवारा
ते ठीक. पण मूळ कोडं? संवत्सर दिलंय ना. पिंगळ कधी आला ते पाहिलं की झालं.

शकुंत
पाहू या. शालिवाहन शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजा. पडताळा: शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शालिवाहन शके १५९६ चा; १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आनंदनाम. जुळतं. पिंगळ ५१ वा. थोरल्या बाजीरावांच्या कारकिर्दीत तो शके १६५९ ला येतो (१७३७-३८). रावबाजींच्या कारकिर्दीत शके १७१९ ला (१७९७-९८).

म्हणजे दोन्हीकडे बसतो. संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं आणि दोन्ही बाजीरावांचा काळ साठाच्या हिशेबात थोडासा एकावर एक पडतो: नल, पिंगळ, कालयुक्त, सिद्धार्थी आणि रौद्र. या पाच संवत्सरांत नुसत्या संवत्सरावरून बाजीराव ठरवता येत नाही. बाकी सगळ्या संवत्सरांत येतो. कागदकिड्यांनी मुद्दाम पिंगळ निवडलाय.

कागदकिडा
:) आरोप मान्य.

टिकोजी
मग राज्याभिषेक शकाचा शेवटचा आकडा ४ आहे ना?

शकुंत
त्याचाही उपयोग नाही. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत राज्याभिषेक शकात १६७३ मिळवायचे. १७३७ चा होतो ६४, १७९७ चा १२४. दोन्हीकडे शेवटी ४. फरक साठाचा असल्याने एककाचा आकडा यातल्या कुठल्याच गणनेत बदलत नाही. सुहूर बघा: १७३७-३८ म्हणजे ११३८, समान सलासीन मया व अलफ (समान आठ, सलासीन तीस). १७९७-९८ म्हणजे ११९८, समान तिसैन मया व अलफ. वाळवीने नेमकं दशक खाल्लंय, आणि 'मया' दोन्हीकडे आहे. रावबाजींची पहिली अडीच वर्षं 'मया'तच जातात.

रानवारा
म्हणजे सुटत नाही? की आता वाळवीला साक्षीला बोलवायचं?

मृगशीर्ष
सुटतं. आत्तापर्यंत कोणी साबानाकडे पाहिलंच नाही.

हिजरी महिने आणि आपले महिने दोन्ही चांद्र, पण आपण अधिक महिना घालून ऋतू सांभाळतो, हिजरीत घालत नाहीत. त्यामुळे एकाच मार्गशीर्षासमोर दरवर्षी तोच हिजरी महिना राहत नाही. साठ सौर वर्षांत साधारण ७४२ चांद्रमास होतात. १२ ने भागलं की बाकी १०. म्हणजे साठ वर्षांनी त्याच मार्गशीर्षासमोर हिजरी महिना दहाने पुढे, अर्थात दोनाने मागे सरकलेला सापडतो. संवत्सर, राज्याभिषेक शकाचं एकक आणि सुहूरचं एकक जिथे हरतात तिथे ही जोडी हरत नाही.

आता करून बघू. हिजरी ११५० सुरू झालं १ मे १७३७ ला. तिथून महिने मोजत गेलं की साबान लागतो २४ नोव्हेंबरच्या सुमारास. शके १६५९ चा मार्गशीर्ष २२-२३ नोव्हेंबरच्या आसपास. म्हणजे मार्गशीर्षासमोर साबान.
हिजरी १२१२ सुरू झालं २६ जून १७९७ ला. त्या सालच्या मार्गशीर्षासमोर येतो जमादिलाखर. साबान नाही.

वद्य अष्टमी म्हणजे महिन्याची तेविसावी तिथी, चंद्रदर्शनाचे एकदोन दिवस वजा केले की छ २१. जुळतं. कागद डिसेंबर १७३७ च्या मध्याचा, बाजीराव थोरले, शाहू थोरले.

दोन गोष्टी सांभाळा. एक, तिथी आणि छ यांत एकदोन दिवसांचा फरक आला तर घाबरू नका; पाच-सहाचा आला तर वाचन चुकलंय. दोन, सुहूर वर्ष सौर, हिजरी महिने चांद्र, म्हणून काही वर्षांत एकच छ आणि महिना सुहूर वर्षाच्या आरंभी आणि पुन्हा अखेरीस येतो. मृगाच्या आसपासची तारीख असेल तर दोन्ही तपासा.

वरवंटा
क्या बात. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

चावडीवरचा
मुक्काम लिहिलेला असेल तर तोही बघावा. डिसेंबर १७३७ मध्ये थोरले बाजीराव भोपाळला निजामाला वेढून बसले होते. डिसेंबर १७९७ मध्ये रावबाजी पुण्यात, महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिथेच नाना फडणीस पकडले गेले. बाजीरावांचं खासगी पत्र असेल तर मुक्काम निर्णायक. कचेरीचा कागद असेल तर मात्र मुक्कामावर फार भार टाकू नका, धनी स्वारीत असला तरी दप्तर चालू असतं.

कागदकिडा
माणूस सुटला. आता मौजे लोणी, प्रांत पुणे?

गडवाटा
एवढ्यावर नाही सुटणार. लोणी काळभोर आणि लोणी कंद दोन्ही हवेलीत, लोणी भापकर बारामतीकडे. प्रांत तिघांचाही पुणे असू शकतो. 'मौजे'नंतर 'तर्फ' किंवा 'कर्यात' लिहिलंय का ते बघा, प्रांताच्या आत तीच पायरी. नसेल तर मजकुरात मोकदमाचं, म्हणजे पाटलाचं आडनाव शोधा. गावापुढे आज जे काळभोर, कंद, भापकर लागतं ती तिथल्या घराण्यांचीच आडनावं आहेत.

आजची नोंद करताना गाव, तालुका, जिल्हा आणि २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गाव क्रमांक द्या. पिनकोड देऊ नका, एका पिनकोडात अनेक गावं असतात. आणि बुद्रुक की खुर्द ते गाळू नका.

कागदकिडा
मोकदमाचं आडनाव कोड्यात घातलेलं नाही.

रानवारा
तेही वाळवीने खाल्लं म्हणा की!

गडवाटा
मग शेजारची गावं. हद्दीचा किंवा वाटेचा उल्लेख असतोच. थेऊर आलं तर काळभोर, वाघोली आली तर कंद.